व्होरॉन २.४ चे किट जोडण्याआधी: हत्यारे, तयारी आणि काम कुठे अडते

प्रश्न असा आहे: व्होरॉन २.४ या थ्रीडी प्रिंटरचे ३५० मिमी बेडचे किट मागवले आहे. आजवर तयार प्रिंटर वापरला आहे, पण स्वतः कधी जोडलेला नाही. कोणती हत्यारे घ्यावीत, आणि खोके उघडल्यावर काम कुठून सुरू करावे?

आधी या मशीनचा स्वभाव समजून घ्या. यात चूक होते त्या दिवशी ती दिसत नाही. फ्रेम किंचित तिरकी बसली, तर ते कळते गँट्री (छपाईचे डोके धरून हलणारी आतली चौकट) चढवल्यावर, आणि तोवर वायरिंगही झालेले असते. एखाद्या पुलीचा (बेल्ट फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनटोपीचा स्क्रू, सैल राहिला, तर पहिल्या मोठ्या प्रिंटमध्ये थर सरकतात. म्हणून जोडणी सुरू करण्याआधीच्या तयारीवर मी सगळ्यात जास्त भर देतो. तयारी नीट झाली तर पुढचे काम मॅन्युअल बघत सरळ होत जाते.

हत्यारांत सर्वांत आधी पैसे घालायचे ते अॅलन ड्रायव्हरवर. १.५, २, २.५ आणि ३ मिमी हे चार माप, मूठ असलेले, कडक पोलादाचे. किटबरोबर येणाऱ्या एल आकाराच्या किल्ल्यांवर हे मशीन जोडू नका. या मशीनमध्ये गोल टोपीचे, म्हणजे बटन हेड स्क्रू भरपूर आहेत आणि त्यांची षटकोनी खाच उथळ असते. किल्लीच्या कडा जरा घासलेल्या असल्या की खाच गोल होते आणि तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. कुठे कोणते माप लागते ते लक्षात ठेवा: एम३ बटन हेडला २ मिमी, एम३ उंच टोपीच्या सॉकेट हेडला २.५, एम५ बटन हेडला ३, आणि पुलीच्या एम३ ग्रब स्क्रूला १.५. गोळा असलेले टोक तिरक्या कोनातून स्क्रू फिरवायला सोयीचे असते, पण शेवटचे आवळणे नेहमी सरळ टोकाने करायचे. गोळ्याच्या टोकाने जोर लावला तर गोळा तुटून स्क्रूच्या खाचेत अडकतो.

दुसरी मोठी खरेदी क्रिंपिंग पक्कड, म्हणजे वायरच्या टोकाला पिन दाबून बसवायची पक्कड. किटमध्ये तयार हार्नेस, म्हणजे पिना लावलेल्या वायरींचा जुडगा, असला तरी एखादी वायर आखूड किंवा लांब निघतेच, आणि साध्या पक्कडीने दाबलेला जेएसटी कनेक्टरचा पिन तीन महिन्यांनी दगा देतो. या पिनला दोन जोड्या पाकळ्या असतात: पुढची उघड्या तारेवर, मागची वायरच्या आवरणावर. योग्य पक्कड दोन्ही एकाच दाबात वळवते. दाबल्यावर वायर ओढून बघा, हलता कामा नये. पिनवर वरून सोल्डर करू नका. सोल्डर तारेत शिरते, ती जागा ताठ होते, आणि हलत्या वायरीत तार बरोबर तिथेच तुटते. पॉवर सप्लायच्या स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरींना फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावायचे, त्यासाठी वेगळी पक्कड लागते. तारेला सोल्डर पाजून टर्मिनलमध्ये आवळणे ही अगदी सर्रास दिसणारी सवय आहे आणि ती सोडलीच पाहिजे. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो.

बाकीच्यात मल्टिमीटर, डिजिटल व्हर्निअर, वायर सोलायचे हत्यार, बारीक कटर, चिमटा, तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न, एक चांगला गुण्या आणि लांब पोलादी पट्टी एवढे पुरे. महागड्या ब्रँडचा व्हर्निअर लागत नाही. इथे तो मुख्यतः एम३×१२ आणि एम३×१६ वेगळे ओळखायला आणि छापलेल्या भागांची भोके मोजायला वापरायचा आहे. बॅटरीचा स्क्रू ड्रायव्हर मात्र दूर ठेवा. प्लॅस्टिकच्या भागात पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या, असतात, त्याच्या जोराने ते क्षणात उपटून येतात.

खोके उघडल्यावर सगळे सामान यादीशी ताडून बघा, आणि हे पहिल्याच दिवशी करा. विक्रेत्याकडे कमी आलेल्या भागाची तक्रार करायची मुदत असते आणि परदेशातून भाग यायला आठवडे जातात. स्क्रूच्या पिशव्या एकदम फोडू नका. एका वेळी जेवढे लागतात तेवढेच मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत काढा आणि प्रत्येक वाटीला कागदी टेप लावून माप लिहा. लांबी मोजताना टोपी धरायची नाही, टोपीखालचा भागच मोजायचा. फक्त सपाट बसणाऱ्या काउंटरसंक स्क्रूची पूर्ण लांबी धरतात. माप चुकण्याचा तोटा कुठे होतो याचे एक उदाहरण: नेमा १७ मापाच्या मोटरच्या तोंडावरची एम३ भोके साधारण साडेचार मिमी खोल असतात. ८ मिमीच्या जागी १२ मिमीचा स्क्रू गेला, तर तो तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण मोटर धरलेलीच नसते.

छापलेले भाग किटमध्ये येत नसतील तर ते एबीएस किंवा एएसएमध्येच छापा. हे मशीन बंद असते, आतली हवा ५०-६० अंशांपर्यंत जाते आणि पीएलए तिथे वाकतो. व्होरॉन प्रकल्पाने ठरवून दिलेले माप पाळा: ०.२ मिमी थर, ०.४ मिमी रेषेची रुंदी, चार भिंती, वर-खाली पाच थर, ४० टक्के भरण. सपोर्ट लागत नाहीत, भाग तसेच आखलेले आहेत. सगळे भाग छापण्याआधी एक भाग छापून त्यात एफ६९५ बेअरिंग बसवून बघा. त्याचा बाहेरचा व्यास १३ मिमी असतो. अंगठ्याने दाबून बसले पाहिजे. हातोडी लागत असेल तर एबीएस आकसल्याचे प्रमाण स्लायसरमध्ये भरलेले नाही असे समजा. आणि फाइल्सची आवृत्ती मॅन्युअलशी जुळते का ते पाहा. आर२ या सुधारित आवृत्तीचे बरेच भाग जुन्या २.४ शी जुळत नाहीत.

पितळी इन्सर्ट सगळे एका बैठकीत बसवून टाका. व्होरॉनला ५ मिमी बाहेरचा व्यास आणि ४ मिमी लांबीचे एम३ इन्सर्ट लागतात. बाजारातले लांब किंवा बारीक इन्सर्ट चालत नाहीत. एबीएससाठी आयर्न २४०-२६० अंशांवर ठेवा. स्वतः जोर लावायचा नाही, आयर्नच्या वजनाने इन्सर्टला बुडू द्यायचे. तीन चतुर्थांश आत गेला की आयर्न काढा आणि गार असलेली सपाट लोखंडी पट्टी वरून दाबून धरा. इन्सर्ट सरळ होतो, पृष्ठभागाशी समपातळीत येतो आणि लगेच गार होतो. तो ०.२ मिमी जरी वर राहिला तरी त्यावर बसणारा भाग टेकत नाही, आणि मग स्क्रू आवळत गेले की इन्सर्टच वर ओढला जातो.

एलएम रेल, म्हणजे वर ब्लॉक सरकतात त्या पोलादी पट्ट्या. २.४ आर२ मध्ये सहा एमजीएन९ (९ मिमी रुंद) आणि एक एमजीएन१२ (१२ मिमी) येते. मशीन गुळगुळीत चालणार की खडखडणार हे इथे ठरते, म्हणून या कामाला घाई नको. कारखान्यातून येताना त्यांवर जे तेल असते ते गंज न लागण्यासाठी असते, वंगण म्हणून नाही. ब्लॉक रेलवरून काढायचा असेल तर आधी रेलच्या टोकाला प्लॅस्टिकचा तुकडा लावा आणि ब्लॉक त्यावर सरकवा. नुसता ओढून काढला तर आतल्या बारीक गोळ्या जमिनीवर पसरतात. काचेच्या भांड्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ब्लॉक त्यात बुडवा, पुढे-मागे हलवा, अल्कोहोल काळपट झाले की बदला. औषधाच्या दुकानातले हँड सॅनिटायझर यासाठी वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो. खिडकी उघडी ठेवा आणि त्याच टेबलावर सोल्डरिंग चालू ठेवू नका.

ब्लॉक वाळला की कोरडाच रेलवर चढवा आणि रेल तिरकी धरा. तो स्वतःच्या वजनाने सरकत गेला पाहिजे. मध्येच अडकत असेल तर पुन्हा धुवा, दुसऱ्या धुण्यातही तसाच राहिला तर बदलून मागा. मग वंगण भरा. लिथियम ग्रीस, एनएलजीआय क्रमांक २ (हा घट्टपणाचा दर्जा) चे, कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. २ मिलीची सिरिंज आणि बोथट सुई घेऊन गोळ्यांच्या दोन्ही ओळींत थोडे थोडे सोडा आणि ब्लॉक फिरवत राहा. एका ब्लॉकला अर्धा मिलीसुद्धा लागत नाही. जास्त भरले तर ते कडेने बाहेर येते आणि धूळ धरते. फवाऱ्याचे गंजनाशक तेल वंगण म्हणून मारू नका, ते उडून जाते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर स्टेनलेस नसलेली रेल पावसाळ्यात एका आठवड्यात ठिपके धरते, म्हणून धुतलेली रेल ग्रीसशिवाय रात्रभर ठेवू नका.

फ्रेम. व्होरॉनच्या २०-२० अॅल्युमिनियम प्रोफाइलला बाहेरून कोन लावत नाहीत. एका प्रोफाइलच्या टोकाला एम५ आटे पाडलेले असतात, त्यात एम५×१६ बटन हेड स्क्रू अर्धवट बसवायचा, त्याची टोपी दुसऱ्या प्रोफाइलच्या खाचेत सरकवायची आणि समोरच्या बाजूला पाडलेल्या भोकातून अॅलन घालून आवळायचे. आटे पाडताना राहिलेला चुरा आधी काढा: प्रत्येक टोकात एक स्क्रू हाताने पूर्ण आत-बाहेर फिरवा, प्रोफाइल आपटून झटका. चुरा राहिला तर स्क्रू घट्ट लागतो आणि जोड मात्र उघडाच असतो. शिवाय तोच चुरा पुढे कंट्रोल बोर्डवर पडतो.

जोडायची जागा सपाट हवी. पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा ओटा चांगला, पण आधी पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. कडाप्प्यावर भरवसा ठेवू नका. पूर्ण चौकट सैल जोडा, सपाट जागेवर ठेवा, कोपरा खाली दाबून धरा आणि तसाच आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून मग पुढच्याकडे जायचे नाही. सगळे थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने. मग कर्ण मोजा. साधारण ५०० मिमीच्या चौकटीत दोन कर्णांत १ मिमी फरक असेल तर एक बाजू दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.७ मिमी सरकली आहे असा त्याचा अर्थ. मी अर्ध्या मिमीच्या वर फरक राहू देत नाही. फरक जात नसेल तर प्रोफाइलच्या लांब्या व्हर्निअरने ताडून पाहा. एकाच मापाच्या म्हणून आलेल्या दोन प्रोफाइलमध्ये फरक निघाला, तर कितीही आवळले तरी चौकट काटकोनात येणार नाही.

मशीन उभे राहण्याआधी आणखी एक काम उरकून घ्या: विजेचा प्रत्येक भाग टेबलावरच मोजा. बेडचा सिलिकॉन हीटर थेट घरातल्या विजेवर चालतो. त्याचा रोध मोजा. ५०० वॅटचा २३० व्होल्टचा हीटर सुमारे १०६ ओहम दाखवतो. मीटरवर २५ च्या आसपास दिसले तर तो ११० व्होल्टचा आहे आणि आपल्याकडच्या विजेवर चौपट ताकद ओढेल. हे भाग चुकून येतात, आणि लेबलावर नेहमी लिहिलेले असतेच असे नाही. हॉटएंडचा (प्लॅस्टिक वितळवणाऱ्या भागाचा) ४० वॅटचा हीटर २४ व्होल्टचा असेल तर १४-१५ ओहम, १२ व्होल्टचा असेल तर साडेतीन-चार. तापमान मोजणारा १०० के थर्मिस्टर ३० अंशांच्या खोलीत ८० किलोओहमच्या जवळपास वाचतो, पीटी१००० असेल तर १११७ ओहम. मोटरच्या चार तारांत जोड्या कोणत्या ते मल्टिमीटरच्या बीपरने शोधून खूण करा. रंगांवर जाऊ नका, ते कारखान्यागणिक बदलतात.

पॉवर सप्लायच्या कडेला ११५/२३० चा लहान सरकता स्विच असतो. तो २३० वर आहे याची खात्री वीज जोडण्याआधी करा, आतल्या बाजूला गेल्यावर तो दिसत नाही. मग अर्थिंग. तुमच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमधले व्होल्टेज फेज आणि न्यूट्रलमधल्या व्होल्टेजएवढेच आले पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर आधी वायरमनला बोलवा. मशीनची फ्रेम आणि बेडची अॅल्युमिनियमची प्लेट दोन्हींना स्वतंत्र अर्थ वायर लागते. हीटर प्लेटलाच चिकटवलेला असतो, त्याचे आवरण फाटले तर प्लेटमध्ये फेज येते. प्रोफाइलवरचा काळा किंवा चंदेरी अॅनोडाइज थर वीज जाऊ देत नाही, म्हणून अर्थ वायरच्या टोकाचा लग बसतो ती जागा खरवडून घ्या आणि दातेरी वॉशर घाला. प्लगच्या अर्थ पिनपासून फ्रेम, बेड आणि पॉवर सप्लायच्या पत्र्यापर्यंत मीटरने मोजल्यावर एक ओहमपेक्षा कमी यायला हवे. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर या मशीनच्या लाइनवर एक लावून घ्या. बेडचा हीटर चालू-बंद करणाऱ्या सॉलिड स्टेट रिलेने फेज तोडली पाहिजे, न्यूट्रल नाही, आणि हीटरशी मालिकेत थर्मल फ्यूज हवाच. रिले अडकून चालू राहिला तर सॉफ्टवेअर त्याला थांबवू शकत नाही, तेव्हा फ्यूजच कामाला येतो.

थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) निळे, मध्यम ताकदीचे घ्या आणि ते धातूवर धातू आवळताना, मुख्यतः पुलीच्या ग्रब स्क्रूंना लावा. एबीएसवर त्याचा थेंब गेला तर काही दिवसांत तिथे बारीक तडे पडतात. पुलीला दोन ग्रब स्क्रू असतात, त्यातला एक मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवर यायला हवा. आधी तो आवळा, मग दुसरा.

गँट्री जोडताना बेअरिंगच्या थरांत एक मिमीचे पातळ वॉशर असतात. चित्रात ते जेमतेम दिसतात आणि बहुतेकांचे इथे चुकते. वॉशर राहिला तर बेअरिंगची कड छापलेल्या भागाला घासते, बेल्ट हळूहळू कडेला चढतो आणि काळा भुसा पडू लागतो. प्रत्येक जोड झाल्यावर बेअरिंग बोटाने फिरवून बघा. एक्स-वायचे दोन ६ मिमी बेल्ट शेजारी ठेवून एकाच लांबीचे कापा आणि दात मोजून खात्री करा.

बेल्ट ओढण्याआधी गँट्री काटकोनात आणायची: आडव्या दांड्याच्या एका टोकाचे स्क्रू सैल करा, गँट्री पूर्ण मागे न्या, दोन्ही बाजू एकाच वेळी टेकू द्या आणि तिथेच आवळा. बेल्टच्या ताणाने तिरकी गँट्री सरळ करायचा प्रयत्न करू नका, तो तिरकेपणा प्रत्येक प्रिंटमध्ये उतरतो. ताण मोबाइलवरच्या ट्यूनर अॅपने मोजता येतो. बेल्टचा १५० मिमी मोकळा भाग मोजून घ्या आणि बोटाने छेडा: एक्स-वायला ११० हर्ट्झ, झेडच्या ९ मिमी बेल्टना १४० हर्ट्झ. दोन्ही एक्स-वाय बेल्टचा सूर एकसारखा असणे त्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचे आहे.

बेडची प्लेट चारही स्क्रूंनी करकचून आवळू नका. ३५० मिमीची अॅल्युमिनियमची प्लेट ३० वरून ११० अंशांवर गेली की सुमारे ०.६५ मिमी वाढते. तिला वाढायला जागा नसेल तर ती मधून फुगते, आणि मग पहिला थर एका कोपऱ्यात घासतो, दुसऱ्यात लटकतो. एक स्क्रू पक्का, बाकीचे बोटाने लागतील एवढेच.

पहिल्यांदा वीज देताना मोटर आणि हीटरच्या पिना कंट्रोल बोर्डमधून काढून ठेवा. २४ व्होल्ट येतात का, बोर्ड कॉम्प्युटरला दिसतो का, एवढेच बघा. मग एकेक जोडत जा. क्लिपर या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या स्टेपर बझ आदेशाने प्रत्येक मोटर एक मिमी पुढे जाऊन परत येते, असे दहा वेळा. चारही झेड मोटरी कोणत्या कोपऱ्यात आहेत आणि वर जायच्या वेळी वरच जातात का, हे यातून कळते. एंडस्टॉप (अक्षाच्या टोकाचा स्विच) हाताने दाबून स्थिती बदलते का ते पाहिल्याशिवाय होमिंग, म्हणजे अक्ष शून्यावर नेणे, करू नका, आणि पहिल्या होमिंगला आणीबाणीच्या बटनावर बोट ठेवा. क्वाड गँट्री लेव्हल (चार झेड मोटरींनी गँट्री आपोआप सपाट करण्याची क्रिया) प्रत्येक फेरीत फरक वाढवत असेल, तर जवळजवळ नेहमीच दोन झेड मोटरींच्या पिना अदलाबदल झालेल्या असतात. आकडे बदलत बसू नका, वायरी तपासा.

लेव्हलिंग थंड बेडवर करून समाधान मानू नका. बेड १०० अंशांवर अर्धा तास ठेवा, फ्रेम आणि प्लेट दोन्ही तापू द्या, मग पीआयडी (हीटरचे तापमान स्थिर ठेवणारी जुळणी), मग लेव्हल, मग झेड ऑफसेट (नोझल आणि बेडमधले अंतर). पहिल्या काही तापण्या-निवण्यांत छापलेले भाग थोडे दबतात आणि नवे बेल्ट थोडे ताणतात. साधारण वीस-पंचवीस तास छपाई झाली की मशीन बंद करून गार होऊ द्या, मोटरींचे आणि एक्स-वाय जोडांचे स्क्रू पुन्हा हाताने तपासा, सैल लागले तर पाव फेऱ्याहून जास्त आवळू नका. वीज टर्मिनलमधले स्क्रूही त्याच वेळी प्लग काढून बघा आणि एक्स-वाय बेल्ट परत ११० हर्ट्झवर आणा.